शिंप्याची टेप, आशाताईची टेप

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस सुरू झाले की शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. तरावीहची नमाज आटोपून लोक कापडाच्या पिशव्या घेऊन थेट तिकडेच वळतात. मास्टर गळ्यातली टेप काढतो, छाती, खांदा, बाही मोजतो आणि जाड वहीत आकडे लिहितो. गेल्या ईदचं माप त्याच वहीत मागच्या पानांवर असतं. कमरेशी टेप आली की गिऱ्हाईक नकळत पोट आत ओढतं. मास्टर हसून म्हणतो, "श्वास सोडा, भाईजान. ईदच्या दिवशी शीरखुर्मा पण प्यायचाय." मग मापात इंचभर ढील धरली जाते आणि विषय तिथेच संपतो.

तशीच एक टेप गावोगावच्या आशाताईंच्या पिशवीतही असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्यांना भरायचा असतो. आरोग्य खात्यात त्याला 'सीबॅक' म्हणतात. वय किती, तंबाखू किंवा दारू आहे का, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंगमेहनत होते का, आईवडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का आणि कमर किती, असे त्यातले प्रश्न. प्रत्येक उत्तराला गुण मिळतात. ही परीक्षा मात्र उलटी आहे. यात जितके गुण कमी तितकं बरं. बेरीज ४ च्या वर गेली की त्या व्यक्तीची तपासणी आधी करायची. बाईची कमर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य गुण. त्यापुढे दहा सेंटिमीटरपर्यंत एक आणि त्याहून जास्त असेल तर दोन.

फॉर्ममधला सगळ्यात अवघड रकाना हाच. "खाला, कमर मोजायची आहे," असं आशाताईंनी म्हटलं की खाला पदर सावरतात. "अगं, माझे रोजे चाललेत. मला काय झालंय? ईद होऊ दे, मग बघू." घरात पुरुषमंडळी असतात, संकोच असतो. मग आकडा अंदाजाने लिहिला जातो, नाहीतर रकाना रिकामा राहतो. शिंप्याला दरवर्षी बिनदिक्कत दिलं जाणारं माप आरोग्यासाठी द्यायचं म्हटलं की असं अवघड होतं.

वजनकाटा काय सांगत नाही

आजवर तब्येत म्हणजे वजन, असंच आपण समजत आलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजन असलेल्या माणसाचा बीएमआय २४ च्या आसपास येतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या कोष्टकात तो ठीक ठरतो, कारण तिथे जादा वजन २५ पासून सुरू होतं. भारतीय डॉक्टर मात्र २३ लाच सावध करतात. याचं उत्तर ज्या संशोधनातून मिळालं, त्यातला मोठा भाग आपल्या पुण्यातला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं भरलं ३.५ किलो. आपली बाळं हलकी होती, स्नायूंनी कमी होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, अशी ही ठेवण जन्मापासूनचीच. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

म्हणून "मी तर सडपातळ, मला कसली शुगर?" हे वाक्य आपल्याकडे धोक्याचं आहे. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक वाड्यात भेटतो. पोटातल्या अवयवांभोवती साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, आणि वजनकाट्याला ती वेगळी दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ ठरले, पण कमरेच्या मापानुसार ३९.५ टक्के. मधला फरक काट्यावर बिनघोर उतरलेल्या माणसांचा आहे. याच पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मात्र शिंप्याचं माप इथे चालत नाही. पँट पोटाखाली बांधली जाते, त्यामुळे पोट सुटलं तरी पँटची कमर वर्षानुवर्षं ३४ च राहते. आरोग्याचं माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर घ्यायचं असतं. घरात टेप नसेल तर सुतळी चालते. आपल्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, दुमडून निम्मी करावी आणि पोटाभोवती गुंडाळावी. टोकं जुळली नाहीत तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि तपासणी करून घेण्याची वेळ झाली आहे.

इफ्तारचं ताट

रोजा म्हणजे तेरा-चौदा तास पोटाला विश्रांती. तरीही ईदनंतर वजन वाढलेली माणसं कमी नसतात. खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो, इथवर सगळं ठीक असतं. पुढे भजी, समोसे, गोड सरबत, त्यावर बिर्याणी, रात्री फिरनी आणि पहाटे सहेरीला पराठे. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मराठी माणसाने स्वतःवरच केली आहे. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि बटाट्याची भाजी खाऊन उपास करणाऱ्यांना इफ्तारचं ताट परकं वाटू नये. हदीसमध्ये पोटाचे तीन भाग सांगितले आहेत: एक अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी. दस्तरखानावर तिसऱ्या भागाची आठवण क्वचितच निघते.

खालाचं ताट तर आणखी वेगळं. सगळ्यांचा इफ्तार मांडून होईपर्यंत तिच्या वाट्याला दोन घोट पाणी आणि उरलेली भजी येतात. सहेरीला ती सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर खाते, कधी चहा-बिस्किटावरच भागवते. घरची सून गरोदर असेल तर हा प्रश्न दोन पिढ्यांचा होतो. ज्या गरोदर स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली होती, हेही पुण्याजवळच्या त्याच गावांनी दाखवलं आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा न ठेवण्याची सवलत धर्मानेच दिली आहे.

आजाऱ्यालाही ती आहे. कुराणात रोजे फर्ज झाल्याचा उल्लेख जिथे येतो, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना ते नंतर पुरे करण्याची मुभा आहे. ज्यांना कधीच जमणार नाही त्यांच्यासाठी फिदिया आहे, म्हणजे गरिबाला जेवू घालणं. तरीही पन्नाशी-साठीतले मधुमेही सहसा ऐकत नाहीत. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या एका अभ्यासात टाइप दोनच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. "सगळं घर रोज्याने असताना मी एकटा कसा खाऊ?" या प्रश्नामागे भूक नसते, तर घरापासून वेगळं पडण्याचं दुःख असतं. त्याला रागावून उत्तर देता येत नाही.

म्हणून डॉक्टर आता सरसकट 'ठेवू नका' म्हणत नाहीत. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी या, कुणाला जमेल आणि कुणाला नाही ते तपासून ठरवू, असं सांगतात. गोळ्यांची आणि इन्सुलिनची वेळ व मात्रा डॉक्टरच बदलून देतात. सकाळची गोळी आपल्या मनाने सहेरीत सरकवणं किंवा बंद करणं धोक्याचं आहे. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर रोजा तिथेच सोडायचा. त्यात गुन्हा नाही. जीव सांभाळणं हीसुद्धा अमानत सांभाळणंच आहे.

यासाठी दूर जायची गरज नसते. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जाते. कुणाच्या घरी रोजे असोत, नवरात्र असो वा एकादशी, टेप सगळ्यांना सारखीच लागते.

चाँदरातीला मास्टर शेवटचा कुर्ता इस्त्री करून देतो आणि वही मिटतो. पुढच्या ईदला ती पुन्हा उघडेल. आशाताईंचा फॉर्म मात्र अजून अर्धा आहे. त्या दारात येऊन विचारतात, "खाला, ईद झाली. आता मोजायची ना?" यावेळी खाला सुनेला हाक मारतात, आतल्या खोलीचं दार लोटून घेतात आणि श्वास सोडून सरळ उभ्या राहतात.