मुळशीच्या कातळात पाऊलखुणा का सापडत नाहीत?

पावसाळा सरला की मुळशी, ताम्हिणी, पौड या भागात भटकणाऱ्यांची संख्या वाढते. परत येताना अनेकांच्या खिशात एखादा दगड असतो. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी उमटलेली असते आणि तो दाखवून विचारले जाते, "हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीचा ठसा आहे ना?" कोणी कातळावरचा खोलगट खड्डा दाखवतो. गावातली माणसे त्याला भीमाचे पाऊल म्हणतात, तर शहरातून आलेली मुले डायनोसॉरचे. दोघांचेही कुतूहल खरे आहे. पण उत्तर द्यायचे तर आधी आपल्या पायाखालचा दगड कसा तयार झाला, ते पाहावे लागते.

पाऊलखूण दगडात टिकते कशी? नदीकाठी किंवा तळ्याकाठी ओला चिखल असतो. तो फार पातळ असेल तर पाऊल उचलताच खूण बुजते आणि फार कोरडा असेल तर ती उमटतच नाही. मऊपणा नेमका असेल, वर चार दिवस ऊन पडून खूण वाळली असेल आणि मग पुराने हलक्या हाताने गाळाचा नवा थर त्यावर पसरला, तर ती झाकली जाते. असे थरावर थर साचतात, दाबले जातात आणि त्यांचा दगड बनतो. बारीक चिखलापासून बनलेल्या अशा दगडाला शेल म्हणतात. जुन्या वहीची चिकटलेली पाने सोडवावीत तसे त्याचे पापुद्रे सुटतात. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पान, मासा किंवा पाऊल यांचा ठसा मिळू शकतो. जीवाश्म शोधणारा माणूस शेल दिसला की थांबतो, तो यासाठी.

मुळशीत मात्र शेल नाही. तिथला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, अर्थात थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे लोंढे एकामागून एक बाहेर आले आणि आडवे पसरत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच लोंढे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या या रसात पाऊल कोण ठेवणार आणि पान कसे टिकणार?

मग लाव्हाच्या खाली तरी शेल असेल का? याचे एक उत्तर दक्षिणेला कोयना भागात मिळाले. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी रासाटी येथे खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट भेदून गेल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मध्ये गाळाचा थर आढळला नाही.

आता त्या नक्षीकडे वळू. दगडाच्या बारीक फटीतून पाणी झिरपते. त्यात विरघळलेले मँगनीज फटीच्या पृष्ठभागावर साचत जाते आणि त्याला झाडासारखे फाटे फुटतात. थंडीच्या प्रदेशात खिडकीच्या काचेवर हिमाची नक्षी उमटते, त्यातलाच हा प्रकार. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या पानाला कडा असते, बहुधा मधली शीर असते आणि तिच्यापासून ठरावीक पद्धतीने उपशिरा निघतात. या नक्षीला फक्त फाटे असतात, शिरा नसतात. कातळातले गोल खड्डे पाण्याचे काम आहे. भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले की कातळ कोरला जातो. कुकडी नदीवर निघोज येथे असे मोठे रांजणखळगे पाहायला मिळतात.

म्हणून महाराष्ट्राच्या दगडात जीवसृष्टीचा इतिहास नाही, असे मात्र नाही. लाव्हाचे दोन लोंढे येण्यामध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात खालचा दगड कुजून माती होई. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत गेरूसारखा लाल पट्टा दिसतो, तो अशा बहुतेक ठिकाणी त्या काळचा कुजलेला पृष्ठभाग असतो. काही ठिकाणी या शांततेच्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकून टाकला. मुंबईत वरळीला असा शेलचा थर होता. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. त्या बेडकाला १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने नाव दिले; आज तो 'इंडोबॅट्राकस' म्हणून ओळखला जातो. तिथे गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेषही मिळाले. आज त्या परिसरावर शहर उभे आहे. तेव्हा कोणी दगड फोडून पाहिला नसता, तर मुंबईच्या जागी कधीकाळी बेडकांचे तळे होते, हे आपल्याला कळलेच नसते.

विदर्भात गेले की चित्र आणखी बदलते. तिथे लाव्हाची चादर संपत जाते आणि गाळाचे जुने खडक उघडे पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूरच्या परिसरात हिंडून जीवाश्म जमवले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. कामठी, उमरेड आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाबरोबरच्या शेलमध्ये जिभेच्या आकाराची पाने सापडतात. त्या वनस्पतीचे नाव ग्लोसोप्टेरिस. ही पाने २५ कोटी वर्षांहून जुनी आहेत. तीच पाने ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही मिळाली. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड होते. जीव जाण्याची वेळ आली तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांतही ग्लोसोप्टेरिसचे ठसे निघाले. हे सारे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा हा एक भक्कम पुरावा ठरला. त्या जोडखंडाला आपल्या गोंडांच्या भूमीवरून 'गोंडवन' हे नाव मिळाले.

प्राण्यांच्या खुणा म्हणजे केवळ पाऊल नव्हे. प्राण्याची विष्ठाही दगड होते आणि पुष्कळ काही सांगून जाते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा येथे डायनोसॉरच्या हाडांबरोबर असे विष्ठाश्म मिळतात. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दिसले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. गवत डायनोसॉरच्या नंतर आले, हा समज त्यामुळे बदलावा लागला. शेतातला एक ओबडधोबड गोटा, पण त्याने जगभरच्या शास्त्रज्ञांना पुन्हा विचार करायला लावला. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातल्या वडधम येथे दगड झालेली झाडे आहेत आणि तिथे जीवाश्म उद्यानही आहे. खऱ्या डायनोसॉर-पाऊलखुणा पाहायच्या तर जैसलमेरजवळच्या थयातचे उदाहरण घ्यावे. तिथे २०१४ मध्ये त्या आढळल्या.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की आज हौशी माणूस सहज या ठिकाणी पोचतो. हातात हातोडा आणि पाठीवर पिशवी असली की मोह होतो. पण थरातून काढून घरी आणलेल्या जीवाश्माची अर्धी किंमत तिथेच संपते. तो कोणत्या थरात होता, त्याच्या वर-खाली काय होते, पाऊल कोणत्या दिशेने चालले होते, हे सगळे जागेवरच वाचता येते. कपाटात ठेवलेला दगड शोभेचा होतो, पुरावा राहत नाही. खाणी, रस्ते आणि बांधकामे यांत दरवर्षी किती थर नाहीसे होतात, याची तर मोजदादच नाही.

तेव्हा काही वेगळे दिसले तर ते उकरू नका. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. जागा मोबाइलच्या नकाशावर नोंदवा. मग जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग, पुण्यात आघारकर संशोधन संस्था किंवा नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय यांना कळवा. दहापैकी नऊ वेळा ती मँगनीजची नक्षी निघेल. वाईट वाटून घेऊ नका; तीही निसर्गाचीच कारागिरी आहे. पण दहाव्या वेळी वरळीच्या बेडकासारखे काही निघाले, तर ते जागेवर शाबूत असणे फार महत्त्वाचे ठरेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)