मणके झिजले, पण पेन्शन नामंजूर?

कंबर गेली, गुडघे गेले, म्हणून फौजेने घरी पाठवलं, आणि मेडिकल बोर्ड लिहितं, "आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेत वाढलेलाही नाही." झालं, डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर! आता?

आधी बोर्डाच्या कागदांची प्रत मागा. त्यात कारण दिलंय का, बघा. 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं. उलट सिद्ध करणं सरकारचं काम. पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांनी नवे नियम आधी वाचावेत.