मदतनीस ठेवायचा कुणी?

१९७५ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याच्या प्रमुखपदी एड रॉबर्ट्स यांना नेमलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला याच खात्याने ‘हा माणूस कधीच कामाला लागणार नाही’ असा शेरा मारून त्यांना शिक्षणासाठी मदत नाकारली होती. मधल्या काळात त्यांनी काय केलं, ते बघायला बर्कलीला जावं लागतं.

रॉबर्ट्सना १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळपास लुळं पडलं. श्वासासाठी रात्री आयर्न लंगमध्ये, म्हणजे फक्त डोकं बाहेर राहील अशा पिंपासारख्या यंत्रात झोपावं लागे. व्यायाम आणि मोटार चालवणं हे विषय झाले नाहीत म्हणून शाळेने दाखला अडवला. आई झोना शाळेशी भांडली, तेव्हा तो मिळाला. १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश झाला, पण आयर्न लंगचं ते धूड वसतिगृहात राहणार कसं? मग विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्यांची सोय झाली. पाठोपाठ आणखी काही अपंग विद्यार्थी तिथे राहायला आले. त्यांनी आपल्या गटाला ‘रोलिंग क्वाड्स’, म्हणजे ‘चाकांवरचे लुळे’, असं मिस्कील नाव दिलं आणि १९७० मध्ये विद्यापीठातच स्वतःचं मदत केंद्र काढलं. गावातले अपंगही तिथे येऊ लागले, तेव्हा १९७२ मध्ये सर्वांसाठी ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं.

केंद्राचं काम अगदी व्यावहारिक होतं. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या व्हीलचेअर बर्कलीच्या चढउतारांवर मोडत. कंपनीकडे दुरुस्तीला टाकली की माणूस घरात अडकला. म्हणून या मंडळींनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. घर शोधून देणं, सरकारी भत्त्याचे कागद भरून देणं हेही होतंच. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट होती मदतनिसांची यादी. अंघोळ घालायला, कपडे चढवायला, खुर्चीत बसवायला येणाऱ्या माणसाची मुलाखत अपंग व्यक्ती स्वतः घेई, काम शिकवी आणि पटलं नाही तर काढूनही टाकी. आपल्याकडे हा अधिकार बहुतेक वेळा आईकडे, वहिनीकडे किंवा संस्थेच्या अधीक्षकांकडे असतो.

ही मंडळी केंद्रापुरती थांबली नाहीत. अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याचे नियम चार वर्षं सहीविना पडून होते. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. पुढाकार घेणाऱ्यांत या केंद्राच्या जूडी ह्यूमन होत्या. इमारतीतले फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेने गरम जेवण पोचवलं. तीन आठवडे उलटल्यावर, २८ एप्रिलला सही झाली. पुढे अमेरिकेत अशी शेकडो केंद्रं निघाली. सरकारी निधी हवा तर नियामक मंडळात बहुमत अपंगांचंच हवं, अशी तिथे अट आहे.

आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं पाचवं कलम अपंगांना समाजात राहण्याचा हक्क देतं. त्यात मदतनिसाचाही उल्लेख आहे. विश्वस्त मंडळाबद्दल मात्र तशी अट नाही. म्हणून या दिवाळीत एखाद्या संस्थेला देणगी द्याल, तेव्हा पावती घेताना एवढं विचारा: तुमच्या विश्वस्तांत अपंग किती?