रुबी भाषेत वेब अॅप : २०० अधिक ३०० किती?

निगडीच्या आसपास, चिंचवड-भोसरीपासून चाकणपर्यंत, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी असंख्य लहान वर्कशॉप आहेत. एका ठिकाणी टर्निंग झालेला भाग प्लेटिंगसाठी दुसरीकडे जातो आणि परत येतो. या जॉबवर्कचा हिशेब चलानांवर चालतो. जीएसटी कायद्यानुसार असा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते आणि कर लागतो. म्हणून ‘किती नग गेले, किती आले’ हा आकडा चुकून चालत नाही.

हा हिशेब वेब अॅपवर ठेवायचा असेल, तर रुबी ही एक सोयीची भाषा आहे. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. २००४ मध्ये डेव्हिड हायनेमायर हॅन्सन यांनी रुबीवर आधारित ‘रेल्स’ हा वेब अॅपचा तयार सांगाडा आणला. गिटहब आणि शॉपिफाय त्यावरच उभे राहिले.

ऑब्जेक्ट आणि डायनॅमिक म्हणजे काय?

रुबीत प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट असते. चलान हे ऑब्जेक्ट मानले, तर क्रमांक, तारीख, नग ही त्याची माहिती आणि ‘शिल्लक काढणे’ हे त्याचे काम. डायनॅमिक म्हणजे एखादी किंमत अंक आहे की मजकूर, हे आधी जाहीर करावे लागत नाही; प्रोग्रॅम चालताना ते ठरते. डेटाबेसमध्ये ‘गाडी क्रमांक’ हा रकाना वाढवला, की रेल्स तो स्वतः वाचून चलानाला जोडते. त्यामुळे काम झटपट होते.

मग धोका कुठे?

ब्राउझरच्या फॉर्ममधून येणारी प्रत्येक किंमत मजकूर असते. समजा, ५०० नग पाठवले. ते २०० आणि ३०० अशा दोन खेपांत परत आले. फॉर्ममधल्या किमतींची थेट बेरीज केली, तर रुबी दोन मजकूर एकमेकांना जोडते आणि उत्तर येते २००३००! जावासारख्या भाषेत हे उत्तर अंकाच्या जागी ठेवू दिले जात नाही. कंपायलर आधीच अडवतो. रुबीत आधी कोणी अडवत नाही.

मराठीत आणखी एक खाच आहे. मजकुराचा अंक करणारी रुबीची नेहमीची सोय देवनागरी आकडे ओळखत नाही. कोणी ‘२००’ असे देवनागरीत टाइप केले, तर उत्तर शून्य येते, तेही तक्रार न करता.

उपाय

फॉर्ममधली किंमत आत येतानाच तपासावी. देवनागरी आकडे आधी बदलून घ्यावेत आणि न कळणारी किंमत सरळ नाकारावी. शिवाय ‘५०० गेले, २०० आणि ३०० आले, शिल्लक शून्य’ अशी चाचणी लिहून ठेवावी आणि प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलानंतर ती आपोआप चालवावी. डायनॅमिक भाषेत कंपायलर करत नसलेली राखण या चाचण्यांनाच करावी लागते.