रोजा, रोजी आणि रस्ता

निरगुडसर आणि आसपासच्या गावांतला कलिंगडाचा शेतकरी लागवडीआधी दिनदर्शिकेत एक तारीख शोधतो. रमजान कधी सुरू होतो? रोप लावल्यापासून फळ हाती यायला साधारण सत्तर दिवस लागतात, म्हणून तो त्या तारखेपासून मागे मोजत येतो. इस्लामी वर्ष चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि आंबेगाव-जुन्नरच्या रानातली लागवडही त्याच्यासोबत सरकते. हा हिशेब करणाऱ्यांत पाटील असतात, थोरात असतात, शेखही असतात. दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेल्या माणसाला मगरिबच्या अजानीबरोबर खजुरानंतर पाणीदार फळच हवे असते, एवढे साऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

हे फळ पुणे-नाशिक रस्त्याला लागते, रात्रीत वाशीच्या बाजारात पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या भेंडी बाजारात एखाद्या हातगाडीवर उतरते. तिथे त्याच्या फोडी होतात. असरची नमाज झाली की गाडीभोवती गर्दी होते आणि तासाभरात गाडी रिकामी. शेतापासून इथवरच्या प्रवासात प्रत्येक टप्प्याला कागद असतो. सातबारा शेतकऱ्याचा, भाडेपावती टेम्पोवाल्याची, पट्टी आडत्याची. शेवटच्या हातगाडीवाल्यापाशी मात्र बहुधा काहीच नसते. असते ती जागा, कोपऱ्यावरची चार फुटांची, जी त्याच्या वडिलांनाही सगळा मोहल्ला ओळखायचा म्हणून त्याची.

आता तो कोपराच नकाशावरून बदलतो आहे.

भेंडी बाजारचा पुनर्विकास हा देशातल्या मोठ्या नागरी प्रयोगांपैकी एक मानला जातो. दाऊदी बोहरा समाजाचे तेव्हाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. एकेक इमारत पाडून तिच्या जागी एकेक मनोरा उभा करायचा, ही मुंबईची नेहमीची रीत इथे टाळली. सगळा परिसर एकत्र घेऊन रस्ते रुंद करायचे, मलवाहिन्या नव्याने टाकायच्या, झाडे लावायची असा बेत आहे. राज्य सरकारच्या समूह विकासाच्या नियमाखाली तो मंजूर झाला. जुन्या भाडेकरूला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. पहिल्या टप्प्यातले दोन मनोरे २०२० मध्ये पूर्ण झाले आणि सहाशेहून अधिक कुटुंबे तिथे परतली.

या घरांची किंमत ज्यांना कळत नाही त्यांनी जुन्या चाळीतला सकाळचा संडास आठवावा. मजल्याच्या टोकाला दोन-तीन संडास, बाहेर बादल्यांची रांग आणि त्या रांगेत गरोदर बाई, म्हातारी सासू, शाळेला उशीर झालेली मुलगी. रमजानमध्ये सेहरीच्या वेळी तर सारी चाळ एकदमच जागी. घरात स्वतःचा संडास येणे ही त्या बायकांच्या आयुष्यातली लहान गोष्ट नव्हे. जुन्या वस्तीच्या आठवणींनी हळवे होणाऱ्यांनी, आणि त्यात उर्दूचे साहित्यिक पुष्कळ, हे आधी मान्य करायला हवे.

आणि जुने घर जीवही घेते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि ३३ माणसे गेली. इमारत शंभरीपलीकडची होती आणि याच प्रकल्पाच्या हद्दीत होती. तेरा भाडेकरूंपैकी सात कुटुंबांना ट्रस्टने २०१३-१४ मध्येच दुसरीकडे हलवले होते. बाकीचे थांबले होते. माणसे पडक्या घरात का थांबतात? हट्ट, अविश्वास, जास्तीची अपेक्षा ही कारणे नेहमी सांगितली जातात. त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा एकच धास्ती असते, की इथून उठलो तर धंदा उठेल.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे. रोजा हा शब्द फारसी ‘रोज’वरून आला. रोज म्हणजे दिवस. त्याच घरातले रोजी, रोजगार, रोजंदारी. मराठी माणूस रोजकीर्द लिहितो आणि ‘रोज पडला’ म्हणतो तेव्हा तोही याच शब्दाने दिवस मोजत असतो. रोजा ठेवणारा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस मोजतो, रोजी कमावणाराही तेवढाच. भेंडी बाजारासारख्या वस्तीचे अर्थशास्त्र या एका दिवसाच्या मापावर चालते. सकाळी माल उधार आणायचा, रात्री विकून उधारी फेडायची, उरेल ते घरात. सहा महिने दुकान बंद ठेवा, मग नवे देऊ, असे ज्याला सांगता येते तो दुकानदार. हातगाडीवाल्याला सहा दिवससुद्धा सांगता येत नाहीत.

दुकानदाराचेही सोपे नाही. भेंडी बाजारात अत्तर, टोप्या, हार्डवेअर, धार्मिक पुस्तके, तांब्या-पितळेची भांडी, जुन्या यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने एकमेकांना टेकून आहेत आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. ईदसाठी टोपी घ्यायला आलेला माणूस शेजारी अत्तर घेतो, पुढे सुकामेवा. यातले एक दुकान तात्पुरते दोन मैलांवर नेले, तर पत्ता बदलतो एवढेच नाही, त्याचे शेजारीही तुटतात. मनोरा उभा राहायला वर्षे लागतात. तेवढ्या काळात गिऱ्हाइकाचे पाय दुसऱ्या बाजाराला सवयीचे होतात.

शिवाय काही कामे कुणाच्या यादीत धंदा म्हणून येतच नाहीत. बोहरा पुरुषांच्या पांढऱ्या-सोनेरी टोप्या बायका घरी बसून क्रोशाने विणतात. कुणी रिदा शिवते, कुणी रमजानमध्ये समोशाच्या पट्ट्या लाटून देते. चाळीच्या गॅलरीत या कामाला उजेड होता, शेजारणीची सोबत होती आणि माल घेऊन जाणारा पोऱ्या जिन्याखालून हाक मारायचा. चौदाव्या मजल्यावर घर मोठे झाले, स्वच्छ झाले, पण हाक पोहोचत नाही. सोसायटीचा देखभाल खर्च मात्र दर महिन्याला पोहोचतो. पागडीच्या खोलीचे भाडे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठले होते. त्यामुळेच घरमालकांनी दुरुस्ती सोडली आणि इमारती कुजल्या, हे खरे. पण त्याच स्वस्त भाड्यावर थोडक्या मिळकतीची कामे टिकली होती, हेही खरे.

सगळेच दुखणे पुनर्विकासावर ढकलता येणार नाही. या भागात कधीकाळी उर्दू किताबतीचा मोठा धंदा होता. वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका कातिब हाताने लिहीत. १९९४ मध्ये ‘इनपेज’ ही संगणक प्रणाली आली आणि काही वर्षांत बहुतेक बोरू खाली ठेवले गेले. एकही भिंत न पडता एक रोजगार गेला.

शहर सुधारण्याचा अनुभव मुंबईला नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून हवा खेळवायची म्हणून त्याने रुंद रस्ते काढले. आज रमजानच्या रात्री ज्या मोहम्मद अली रोडवर चालायला जागा मिळत नाही, तो त्याच सुधारणेचा वारसा आहे. शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच रस्त्यावरून जे. जे. उड्डाणपूल गेला. त्याला कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. वरून मोटारी सुसाट जातात. खाली पुलाच्या सावलीत नव्या गाड्या लागल्या. रस्ता कितीही बदलला तरी माणसांची वर्दळ असेल तिथे विकणारा येतोच, हे नियोजनकारांना प्रत्येक पिढीत नव्याने शिकावे लागते.

आंबेगाव-जुन्नरला यातला एक धडा घरबसल्या ठाऊक आहे. इथला भाजीपाला पूर्वी भायखळ्याच्या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या घाऊक बाजारात जायचा. शहरातली गर्दी कमी करण्यासाठी हे बाजार नवी मुंबईला हलवायचे ठरले. १९८१ मध्ये कांदा-बटाटा गेला, पुढे मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये भाजी आणि फळे. त्या स्थलांतरात माथाडी कामगार तरला. त्यात सातारा आणि पुणे जिल्ह्यातली माणसे पुष्कळ. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला होता, मंडळाच्या नोंदवहीत कामगाराचे नाव होते. बाजार गेला तसे नावही गेले, आणि कोपरखैरणे-घणसोलीला सिडकोची घरेही मिळाली. चहा विकणारा, गोणपाट शिवणारा, नासकी भाजी निवडून विकणारी बाई यांचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. त्यांचे काय झाले, हे कुठल्याच वहीत सापडणार नाही.

गिरणगावातही तेच दिसले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, २००१ मध्ये नियम बदलला आणि जमिनींवर मॉल, कार्यालये, मनोरे आले. रोजगार आला नाही असे कुणी म्हणणार नाही, भरपूर आला. पण जिथे बाप साच्यावर उभा होता तिथे मुलगा दारावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. धारावीत आता हाच प्रश्न कितीतरी मोठ्या आकारात उभा आहे. चामडे, माती, भंगार या सगळ्यांना तळमजला लागतो, आणि पुनर्वसन नेहमी वरच्या दिशेने होते.

भेंडी बाजारच्या प्रकल्पाबद्दल ३,२०० आणि १,२५० हे आकडे सतत सांगितले जातात. हातगाड्यांचा आकडा त्यात नाही. यात ट्रस्टचाच दोष आहे असे नाही. पात्रता भाडेपावतीवर ठरते आणि ती पावती रस्त्याला नसते. मात्र रस्त्यासाठी वेगळा कायदा आहे. पथविक्रेता अधिनियम २०१४ सालचा. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवू नये आणि शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच असाव्यात, असे तो सांगतो. त्याच्या परिशिष्टात आणखी एक तरतूद आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत, तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये.

पन्नास वर्षे म्हणजे बाप आणि मुलगा. भेंडी बाजारात असे कोपरे नक्कीच आहेत. पण ते सिद्ध करायचे तर पुन्हा कागद लागतो. जुनी दंडाची पावती चालेल का? पालिकेच्या गाडीने उचलून नेलेल्या तराजूची नोंद चालेल का? समोरच्या दुकानदाराची साक्ष चालेल का? आणि तो दुकानदारच आता संक्रमण काळात दुसरीकडे असेल तर साक्ष द्यायची कुणी? हे सगळे इमारती उभ्या असताना, शेजारी एकमेकांना ओळखत असताना विचारायचे प्रश्न आहेत. घरांची मोजणी होते त्याच दिवशी, त्याच माणसाने, जिन्याखालच्या गाडीचीही मोजणी केली तर जास्तीचा खर्च फार नाही.

२०३० मध्ये रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. निरगुडसरच्या शेतकऱ्याला तेव्हा ऐन थंडीत कलिंगड पिकवावे लागेल. थंडीत वेल वाढत नाही, त्यामुळे सत्तर दिवसांचा हिशेब लांबेल, रोपांवर आच्छादन घालावे लागेल. ते तो शिकेल. माल वाशीपर्यंतही जाईल. त्यापुढे तो कुठल्या कोपऱ्यावर उतरायचा, हे तोवर भेंडी बाजारच्या नव्या, रुंद, झाडे लावलेल्या रस्त्याच्या नकाशात कुणीतरी आखलेले असायला हवे.