आतड्यांचा दाह : मूळव्याध नव्हे, क्षयही नव्हे

शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो, कळा येऊन जुलाब लागले की आमांशावर. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु तक्रार महिना उलटूनही हटत नसेल, तर आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा विचार व्हावयास हवा, असे आम्ही वाचकांना सुचवू इच्छितो.

या दाहाचे प्रमुख प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. ‘क्रोन्स’ पचनमार्गात कोठेही उद्भवून आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरू शकतो. दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत; रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

हा पाश्चात्त्यांचा विकार, असा समज दीर्घकाळ होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबातील पाहणीत मात्र लाखामागे सुमारे ४४ जणांना कोलायटिस असल्याचे आढळले. २०११-१२ मधील एका मोठ्या पाहणीत आशियात वर्षाला लाखामागे जेमतेम १.४ नवे रुग्ण निघाले, तर ऑस्ट्रेलियात सुमारे २४. आकडा लहान, म्हणून निश्चिंत राहावे काय? त्याच पाहणीत क्रोन्सच्या आशियाई रुग्णांपैकी ५२ टक्क्यांना निदानाच्या वेळीच आतडे अरुंद होणे, भगंदर यांसारखी गुंतागुंत होती. ऑस्ट्रेलियात हे प्रमाण २४ टक्के होते. उशिरा होणारे निदान हे यामागील एक कारण असावे, असे आम्हांस वाटते.

भारतात निदानाची खरी अडचण आहे क्षयाची. आतड्यांचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळच ठाण मांडतात. ताप, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणेही तीच. तुकडा काढून तपासला तरी प्रत्येक वेळी उलगडा होत नाही. म्हणून डॉक्टर अनेकदा प्रथम क्षयाची औषधे देतात आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहतात. व्रण भरले नसतील, तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. ही दुसरी तपासणी खर्चाच्या भीतीने टाळली जाते, आणि क्रोन्सचा रुग्ण क्षयाच्या गोळ्या घेत महिने घालवतो. उलट चूक अधिक घातक : क्षय असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिल्यास क्षय बळावतो.

आराम पडताच अनेकजण गोळ्या बंद करतात. मग आजार पुन्हा उसळतो. मोठ्या आतड्याचा दाह आठ-दहा वर्षे जुना झाला की तेथे कर्करोगाचा धोका वाढू लागतो. अशा रुग्णांनी त्रास नसतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.