कॅमेरा घेताना कोणता आकडा वाचावा?

परदेशी निघालेल्या माणसाकडे पूर्वी घड्याळ किंवा रेडिओ आणण्याची मागणी होत असे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत ती जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली. फिल्मचा खर्च नाही, छत्तीस फोटो संपेपर्यंत थांबणे नाही आणि काढलेला फोटो जागच्या जागी पाहता येतो, या गोष्टींचे आकर्षण मोठे होते. मात्र परदेशातील खरेदीत निर्णय एकदाच घ्यावा लागतो. दोन दिवसांनी विमान असते, वस्तू बदलून घ्यायला परत जाता येत नाही, हमी बहुधा त्याच देशापुरती असते आणि पैसे दैनिक भत्त्यातून वाचवलेले असतात. अशा वेळी विक्रेत्याच्या शब्दाखेरीज आपल्या हाती उरतात ते खोक्यावरचे आकडे. ते वाचायला लागणारे गणित शाळेतल्या क्षेत्रफळाच्या आणि वर्गमुळाच्या पलीकडचे नाही, हे या लेखात पाहू.

२००५ साली एका परिषदेच्या निमित्ताने मी टोकियोला गेलो होतो. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकिहाबारा भागात पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायचा, असे ठरवून गेलो. काम ठरलेले होते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात उगवणाऱ्या ‘सीतेची आसवे’, ‘दवबिंदू’ यांसारख्या लहान वनस्पतींचे फोटो वनस्पतिशास्त्रातील मित्रांना हवे होते. पठारावर ऑगस्टमध्ये ढग जमिनीला टेकलेले असतात. म्हणजे विषय लहान आणि प्रकाश कमी.

किंमत साधारण सारखी असलेले दोन कॅमेरे समोर होते. पहिल्यावर लिहिले होते ४ मेगापिक्सेल, दुसऱ्यावर ५ मेगापिक्सेल. हे आकडे ठळक अक्षरांत होते. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत आणखी एक आकडा होता: पहिल्याचा संवेदक १/१.८ इंच, दुसऱ्याचा १/२.५ इंच. यांपैकी कोणता घ्यावा?

प्रकाशाचा आकडा कसा होतो

डिजिटल कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे, जिथे पूर्वी फिल्म असे तिथे, सिलिकॉनचा एक लहान चौकोनी तुकडा असतो. त्यावर आडव्या-उभ्या रांगांत लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर म्हणजे एक पिक्सेल. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. फोटो काढताना प्रत्येक घरात असे इलेक्ट्रॉन साठतात. मग ते मोजले जातात आणि त्या मापाची संख्या स्मृतिपत्रावर नोंदली जाते. फोटो म्हणजे अशा संख्यांचा एक मोठा तक्ता होय.

असा विद्युतभार साठवून पुढे सरकवणारी रचना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सुचवली. त्यासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या रचनेचा उपयोग करून कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात १०० गुणिले १००, म्हणजे फक्त १०,००० पिक्सेल होते. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत.

सिलिकॉनला रंग कळत नाही. तो फक्त किती प्रकाश आला हे सांगतो. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवा किंवा निळा असा एक गाळक बसवतात. कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांच्या मांडणीत निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून हिशेबाने भरले जातात.

मेगापिक्सेल काय सांगतो

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख घरे. हा आकडा चित्र किती बारीक भागांत विभागले आहे, एवढेच सांगतो. चारावरून पाच म्हणजे २५ टक्के वाढ, असे वाटते. पण ही वाढ क्षेत्रफळावर पसरलेली आहे. एका बाजूवरील घरांची वाढ काढायची तर वर्गमूळ घ्यावे लागेल. १.२५ चे वर्गमूळ सुमारे १.१२ येते, म्हणजे तपशिलात वाढ फक्त १२ टक्के. तपशील दुप्पट हवा असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतील.

आता गरज किती ते पाहू. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. ६ इंच गुणिले ४ इंच मापाच्या नेहमीच्या फोटोसाठी १८०० गुणिले १२००, म्हणजे २१,६०,००० ठिपके लागतात. हे झाले २.१६ मेगापिक्सेल. अल्बममध्ये लावायच्या फोटोसाठी चार आणि पाच दोन्ही आकडे पुरून उरतात.

उलटा वाचायचा अपूर्णांक

१/१.८ आणि १/२.५ यांत लहान कोणता? छेद मोठा म्हणून १/२.५ लहान, हे विद्यार्थी चटकन सांगतील. दुकानात मात्र २.५ हा आकडा मोठा वाटून फसगत होऊ शकते. शिवाय हे माप संवेदकाच्या कोणत्याच बाजूचे नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. त्यांची मापे बाहेरच्या व्यासावरून दिली जात आणि चित्रासाठी त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच कर्ण वापरता येई. नळ्या गेल्या, माप सांगण्याची रीत राहिली.

१/१.८ इंचाचा संवेदक प्रत्यक्षात सुमारे ७.२ गुणिले ५.३ मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळ ३८ चौरस मिलिमीटर. १/२.५ इंचाचा सुमारे ५.८ गुणिले ४.३, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. आता भागाकार करू. पहिल्या कॅमेऱ्यात ३८ चौरस मिलिमीटर जागा ४० लाख घरांत वाटली आहे. एका घराच्या वाट्याला ९.५ चौरस मायक्रोमीटर आले. दुसऱ्यात २५ चौरस मिलिमीटर जागा ५० लाख घरांत वाटली आहे; एका घराला ५ चौरस मायक्रोमीटर. भिंगाचा एफ-अंक आणि फोटो घेण्याचा वेळ सारखा असेल, तर पहिल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक घरात जवळजवळ दुप्पट प्रकाश पडणार.

दुप्पट प्रकाशाने काय साधते

प्रकाश कणांच्या रूपात येतो आणि हे कण मोजून-मापून येत नाहीत. एकसारख्या उजळलेल्या भिंतीचा फोटो काढला तरी शेजारशेजारच्या घरांत अगदी सारखे कण पडत नाहीत. सरासरी संख्या जेवढी, तिच्या वर्गमुळाएवढा चढउतार सहज होतो. सरासरी १००० कण असतील तर चढउतार सुमारे ३२, म्हणजे ३.२ टक्के. ५०० असतील तर सुमारे २२, म्हणजे ४.५ टक्के. प्रकाश कमी होत जाईल तसा हा टक्का वाढत जातो. शंभर कणांना तो १० टक्के होतो आणि चित्र रवाळ दिसू लागते. अंधुक प्रकाशातील फोटोत दिसणाऱ्या ठिपक्यांचे हे एक मुख्य कारण आहे.

ही गोष्ट वर्गात दाखवता येते. पुठ्ठ्यावर २ सेंटिमीटर बाजूची ८ गुणिले ८ अशी ६४ घरे आखा. पुठ्ठ्याभोवती वर्तमानपत्र पसरा. मुगाची डाळ हातभर उंचीवरून पुठ्ठ्यावर व आजूबाजूला सारखी भुरभुरा, इतकी की एका घरात सरासरी ९ दाणे पडावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला काही घरे मोजायला द्या. बहुतेक घरांत ६ ते १२ दाणे सापडतील. ९ चे वर्गमूळ ३, म्हणजे फरक ३३ टक्के. आता ४ गुणिले ४ अशी १६-१६ घरे एकत्र करून चार मोठे चौकोन करा. प्रत्येकात सुमारे १४४ दाणे येतील आणि अपेक्षित फरक १२ चा, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास राहील. घर मोठे केले की मोजमाप स्थिर होते. यासाठी डाळ वाढवावी लागली नाही. बदलले ते फक्त घराचे माप.

उरलेल्या बाबी

हा हिशेब करून मी ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला. पैसे देण्यापूर्वी इतर काही गोष्टी तपासून घेतल्या. त्या आजही प्रवासात उपयोगी आहेत.

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर तो दोन्हीकडे चालतो. फक्त चपट्या पिनांसाठी जोडणी लागते. जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत पडद्यावरील सूचना फक्त जपानी भाषेत असतात, म्हणून दुकानातच भाषा बदलून पाहावी. खोक्यावरचा डिजिटल झूम विचारात घेऊ नये. तो चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो. दुप्पट डिजिटल झूम केल्यावर ४ मेगापिक्सेलपैकी १ मेगापिक्सेलच उरतो. भिंग पुढेमागे सरकवून होणारा झूम तेवढा खरा. लहान फुलांसाठी भिंगापासून किती जवळची वस्तू स्पष्ट येते, हे दुकानातील एखाद्या नाण्याचा फोटो काढून कळते.

ढगाळ हवेत त्या कॅमेऱ्याने काढलेली सीतेची आसवे पाकळीवरच्या रेषांसह स्पष्ट आली. वर्गात लावण्यासाठी केलेल्या ए-चार आकाराच्या तक्त्यालाही ४ मेगापिक्सेल पुरले.

आजचा मोठा आकडा

आता बहुतेकांचा कॅमेरा मोबाइलमध्ये असतो आणि त्यावरचा आकडा ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेलपर्यंत गेला आहे. या आकड्याकडेही त्याच नजरेने पाहू. सॅमसंगने २०२१ साली २०० मेगापिक्सेलचा एक संवेदक जाहीर केला. त्याच्या एका घराची बाजू ०.६४ मायक्रोमीटर आहे, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या ०.५५ मायक्रोमीटर या तरंगलांबीहून किंचितच मोठी. एवढ्याशा घरात कमी प्रकाशात फारसे काही पडत नाही. म्हणून तो संवेदक कमी प्रकाशात ४ गुणिले ४ अशी १६ घरे एकत्र करून एक मोठे घर बनवतो, अगदी आपल्या मूगडाळीसारखे. तेव्हा घराची बाजू २.५६ मायक्रोमीटर होते आणि चित्र १२.५ मेगापिक्सेलचे उरते. २००५ सालच्या त्या दोन कॅमेऱ्यांतील घरांच्या बाजू सुमारे ३.१ आणि २.२ मायक्रोमीटर होत्या. म्हणजे वीस वर्षांनंतरही अंधुक प्रकाशात घराचे माप त्याच दोहोंच्या दरम्यान येऊन थांबते.

याचा अर्थ प्रगती झाली नाही, असा मात्र नव्हे. आजच्या संवेदकांत तारांचे जाळे प्रकाशाच्या वाटेतून काढून मागच्या बाजूस नेलेले असते, त्यामुळे येणारे फोटॉन कमी वाया जातात. इलेक्ट्रॉन मोजणारे परिपथ अधिक अचूक झाले आहेत आणि एकापाठोपाठ घेतलेली अनेक चित्रे मिळवून चढउतार कमी करता येतो. पण आलेल्या फोटॉनांपेक्षा अधिक माहिती कोणत्याही यंत्राला मिळत नाही.

शाळेसाठी कॅमेरा किंवा मोबाइल घेण्याची वेळ आली, तर हे काम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे. संवेदकाची लांबी-रुंदी शोधणे, एका घराचे क्षेत्रफळ काढणे आणि मग आलेखाच्या कागदाचा एकच फोटो दुपारी खिडकीशी व संध्याकाळी दिवा न लावता काढून दोन्ही मोठे करून पाहणे, एवढे त्यांना सांगावे. कोणता घ्यावा याबद्दल वर्गात मतभेद होतील. ज्याने भागाकार करून आणला असेल, त्याचे म्हणणे आधी ऐकावे.